डॉल्बी : खरखर घालवणारे सर्किट आणि गोंगाटाला मिळालेले त्याचे नाव

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात 'डॉल्बी' हा शब्द उच्चारला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत डोळ्यांपुढे उभी राहते. विसर्जन मिरवणूक असो, लग्नाची वरात असो वा निवडणुकीतील विजयाची फेरी असो, काचा थरथरविणारा आणि छातीत धडधड उठविणारा आवाज म्हणजे डॉल्बी, असे समीकरण येथे रूढ झाले आहे. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' ही घोषणा पोलीस आणि प्रशासनाने वर्षानुवर्षे दिली, मंडळांनी तिच्या शपथा घेतल्या, आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून हा शब्द शेवटी सामान्यनाम झाला. ज्या माणसाचे हे आडनाव, त्याने मात्र आयुष्यभर जे सर्किट घडविले ते आवाज वाढविण्यासाठी नव्हते. ध्वनिमुद्रणातील नकोशी खरखर कमी करणे हा त्याचा हेतू होता. व्यावसायिक ध्वनिसाधनांसाठी ॲनालॉग सर्किट कसे रचले जाते, हे समजून घ्यायचे तर या विरोधाभासापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

रे डॉल्बी (१९३३-२०१३) हे अमेरिकन अभियंते. ॲम्पेक्स कंपनीने १९५६ साली लोकांपुढे आणलेल्या व्हिडिओ टेप रेकॉर्डरच्या घडणीत त्यांचा तरुण वयातच वाटा होता. केंब्रिज विद्यापीठातून १९६१ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरचा टप्पा आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते आणि चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या उभारणीत साहाय्य करीत होते. भारतातून परतल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि 'डॉल्बी ए' ही पद्धत तयार केली. डेक्का या ग्रामोफोन कंपनीने १९६६ मध्ये ती प्रथम वापरात आणली. घरगुती उपकरणांसाठीची 'डॉल्बी बी' ही सोपी आवृत्ती १९६८ ची. कॅसेट प्लेयरवर दिसणारे बटण ते हेच.

त्या काळी ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होत असे. फितीवरील सूक्ष्म चुंबकीय कण सर्वत्र सारखे पसरलेले नसल्याने तिच्यातून अखंड 'स्स्स' असा आवाज येई. तार स्वरातील तानेच्या वेळी तो जाणवत नसे. तान थांबली आणि नुसता तंबोरा उरला की तो वर येई. डॉल्बी यांचा विचार असा की, मोठ्या आवाजाला हात लावण्याचे कारणच नाही, कारण तो खरखरीला स्वतःच झाकून टाकतो. हात लावायचा तो हळू आवाजाला. म्हणून मुद्रणाच्या वेळी मूळ संकेत एका सरळ वाटेने जसाच्या तसा पुढे जातो आणि बाजूच्या दुसऱ्या वाटेवर त्यातील हळुवार भाग तेवढा वेगळा काढून मुख्य संकेतात मिसळला जातो. त्यामुळे हळू स्वर फितीवर सुमारे १० डेसिबलने मोठे उमटतात. ऐकताना हीच बाजूची वाट मिसळण्याऐवजी वजा केली जाते. स्वर मूळ पातळीला येतात आणि त्यांच्याबरोबर फितीची खरखरही तेवढीच खाली जाते. 'डॉल्बी ए'मध्ये हे काम चार कंपनपट्ट्यांत स्वतंत्रपणे चाले, जेणेकरून ढोलाच्या ठोक्याबरोबर वरच्या पट्टीतील खरखर वरखाली होऊ नये. ही सगळी बेरीज-वजाबाकी संगणकाविना, रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड आणि ट्रान्झिस्टर यांनी केली जात होती. पुढे ही कंपनी चित्रपटांच्या ध्वनीकडे वळली, चित्रपटगृहांच्या पाट्यांवर तिचे नाव झळकू लागले, आणि त्या पाट्यांवरूनच ते मंडपवाल्यांच्या बोलीत उतरले असावे. मिरवणुकीतील यंत्रणेचा या कंपनीशी किंवा तिच्या सर्किटशी बहुधा काडीचाही संबंध नसतो.

तंबोऱ्यापासून मिरवणुकीपर्यंत

ध्वनिसाधनांचे सर्किट रचणाऱ्याचे काम दोन मर्यादांमध्ये चालते. खाली खरखरीची जमीन असते आणि वर विद्युत पुरवठ्याच्या व्होल्टेजचे छत. संगीत या दोहोंच्या मध्ये बसवायचे असते. डिजिटल तंत्र आल्यानंतरही ही अडचण सुटलेली नाही. मायक्रोफोनमधून निघणारा संकेत ॲनालॉगच असतो, ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला हलविणारा प्रवाहही ॲनालॉगच असतो. मधला प्रवास तेवढा आकड्यांतून होऊ लागला आहे. या जमिनीचे आणि छताचे माप घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. दोन्ही टोके सांगली जिल्ह्यातच सापडतात.

हळुवार टोकाला मिरजेचा तंबोरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील शिकलगारांनी, म्हणजे हत्यारे घडविणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्ये बनविण्यास प्रारंभ केला. फरीदसाहेब सितारमेकर यांचे नाव या परंपरेत अग्रभागी घेतले जाते. पंढरपूरच्या परिसरातील भोपळे आणून मिरजेत घडविलेली ही वाद्ये देशभर जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य याच गावी होते. १९३७ साली त्यांचे निधन झाले, आणि दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणारी गायनसेवा हा मिरजेच्या सांगीतिक जीवनाचा भाग आहे.

तंबोऱ्याचे वैशिष्ट्य जवारीत आहे. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अतिशय मंद उतार असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून तार त्या उतारावर नेमकी कोठे टेकेल हे ठरविले जाते. तार कंप पावताना घोडीला पुनःपुन्हा निसटती स्पर्श करते आणि तिची ऊर्जा वरच्या स्वरांशांत वाटली जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तंबोरा आणि वीणा यांच्या या वागण्याकडे लक्ष वेधले होते. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या स्वरांशाचा निःस्पंद बिंदू असतो, तो स्वरांश रूढ नियमानुसार उमटू नये. या वाद्यांत तो उमटतो. ध्वनियंत्रणेच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की, तंबोऱ्याचा आवाज लहान असला तरी त्याचा पसारा मोठा असतो. खर्जाच्या तारेच्या मूळ कंपनापासून कित्येक हजार हर्ट्झपर्यंत त्यात सतत काहीतरी घडत असते. यातले थोडेही गळले तर जवारी बसली आहे असे वाटते, आणि दोष वाद्याच्या माथी येतो.

आता आकडे पाहू. मंचावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या डायनॅमिक मायक्रोफोनवर ९४ डेसिबलचा आवाज पडला तर त्यातून सुमारे २ मिलिव्होल्ट मिळतात. तंबोऱ्याचा आवाज मायक्रोफोनपाशी ६० डेसिबल धरला, तर संकेत उरतो ४० मायक्रोव्होल्टचा. एका व्होल्टचे पंचवीस हजार भाग केले तर त्यातील एक. हाच मायक्रोफोन १२० डेसिबलच्या मिरवणुकीत नेला तर तो ४० मिलिव्होल्ट देईल, म्हणजे हजारपट. पहिल्या प्रसंगी संकेत हजारपट वाढवावा लागतो. तीच वाढ दुसऱ्या प्रसंगी कायम ठेवली तर ४० व्होल्ट हवेत, आणि मिक्सरमधील चिपना मिळतात अधिक-उणे १५ ते १७ व्होल्ट. त्यापुढे लाटेचा माथा सपाट कापला जातो. मिक्सरवरच्या प्रत्येक पट्टीच्या डोक्याशी 'गेन'चे बटण असते, ते यासाठी. ध्वनिसंयोजकाने ते एकदा चुकीचे लावले की पुढची सारी महागडी सामग्री निरुपयोगी ठरते.

खालच्या मर्यादेचा उगम निसर्गात आहे. कोणत्याही रेझिस्टरमधील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे इतस्ततः हालत असतात आणि त्यातून अल्प व्होल्टेज निर्माण होते. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन यांनी ते मोजले आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ चे. १५० ओहमच्या मायक्रोफोनमधून, माणसाला ऐकू येणाऱ्या २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, ही औष्णिक खरखर सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट भरते. तंबोऱ्याचे ४० मायक्रोव्होल्ट तिच्या १८० पट, म्हणजे ४५ डेसिबल वर आहेत. विवर्धक निर्दोष असला तरी यापेक्षा अधिक मिळणार नाही. कोणतेही सर्किट या फरकात भर घालू शकत नाही, ते तो कमी तेवढा करू शकते. किती कमी, यावरच त्याची परीक्षा होते. मायक्रोफोन वाद्याजवळ नेणे किंवा अधिक संवेदनशील कंडेन्सर मायक्रोफोन वापरणे हे यावरचे खरे उपाय होत.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. देशातील इतर महाविद्यालयांप्रमाणे अशा प्रयोगशाळांतही ऑप-ॲम्पची पहिली ओळख सहसा '७४१' या चिपने होते. १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने आणलेली ही चिप शिकण्यासाठी उत्तम आहे, पण मायक्रोफोनच्या पहिल्या टप्प्यावर ती बसवली तर काय होईल? तिची स्वतःची खरखर त्याच पट्ट्यात सुमारे ३ मायक्रोव्होल्ट भरते. ४५ डेसिबलचा फरक २३ वर येतो आणि तंबोऱ्यामागे पाऊस पडत असल्यासारखा आवाज येऊ लागतो. दुसरा दोष वेगाचा. ७४१ चे व्होल्टेज एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्टच बदलू शकते. २० किलोहर्ट्झच्या लाटेचा माथा १० व्होल्टपर्यंत न्यायचा तर सव्वा व्होल्टहून अधिक वेग लागतो. ७४१ ला जेमतेम ४ व्होल्टपर्यंत मजल मारता येते, पुढे गोल लाटेची त्रिकोणी लाट होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या '५५३४' आणि तिच्या '५५३२' या जोड चिपने ही दोन्ही दुखणी बऱ्याच अंशी मिटवली. खरखर अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आसपास आणि वेग ७४१ च्या वीसपटीच्या घरात, तोही परवडणाऱ्या किमतीत. त्यानंतर जगभरच्या मिक्सरमध्ये याच दोन चिप दिसू लागल्या, त्या आजही बनतात. अर्थात निव्वळ चिप बदलली म्हणून काम होत नाही. वेगवान चिप तिच्या पायाशी पुरवठ्याचा लहान कपॅसिटर नसेल तर स्वतःच कंप पावू लागते. हे कंपन कानाला ऐकू येत नाही, चिप तापते आणि आवाज 'घोगरा' झाल्याची तक्रार येते. जुन्या मिक्सरमध्ये आंधळेपणाने नवी चिप बसविणाऱ्या दुरुस्तीकाराला हा अनुभव हमखास येतो.

तंबोऱ्याला मायक्रोफोनऐवजी घोडीजवळ चिकटवायचा पिझो पिकअप लावण्याची पद्धतही आहे. त्यातला सापळा निराळा. पिझो हा विद्युतदृष्ट्या लहानसा कपॅसिटर असतो, समजा एक नॅनोफॅरडचा. तो मिक्सरच्या १० किलोओहमच्या खाचेत थेट जोडला तर १६ किलोहर्ट्झच्या खालचे सारे स्वर क्रमाने गळतात, म्हणजे जवळजवळ सगळे संगीतच. उरतो तो पत्र्याचा किणकिणाट. एक मेगओहमचा रोध असलेले सर्किट मध्ये घातले तर ही सीमा १५९ हर्ट्झपर्यंत उतरते. बहुतेक स्वस्त साधने येथेच थांबतात, आणि तंबोऱ्यासाठी हे पुरेसे नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या खर्जाच्या तारेचे मूळ कंपन ६९ हर्ट्झच्या जवळ असते. ते यातही ८ डेसिबलने घटते. १० मेगओहमचा प्रवेशरोध असलेला, एका फेटवर उभारलेला साधा टप्पा हे दुखणे पूर्णपणे घालवतो. त्याला लागणारे भाग चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीत मिळतात. नाजूक साधनावर कारागीर महिनोन्महिने मेहनत घेतो आणि शेवटच्या दोन फुटांत खर्ज हरवतो, ही गोष्ट केवळ अज्ञानामुळे घडत असते.

वायर, अर्थिंग आणि यात्रेतला जनरेटर

स्टुडिओतली खरखर एक वेळ परवडली, पण यात्रेतल्या मंचावरचे 'हमिंग' नको, असे ध्वनिसंयोजक म्हणतात ते उगीच नव्हे. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो वा पालीच्या खंडोबाची, मंच आणि मिक्सर यांत पन्नास-शंभर मीटर वायर असते. तिच्याच शेजारून दिव्यांची वायर जाते, आणि वीज कधी खांबावरून तर कधी जनरेटरवरून घेतलेली असते. ५० हर्ट्झची ही वीज मायक्रोफोनच्या वायरीत स्वतःचा अंश सोडते.

यावरचा उपाय टेलिफोनच्या तंत्रातून आला आणि नभोवाणीने तो पक्का केला. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांत ध्वनीची प्रत्येक वाट 'बॅलन्स्ड' असते: संकेत एका तारेवर सरळ आणि दुसऱ्या तारेवर उलटा पाठवायचा, आणि पोहोचल्यावर दोहोंतील फरक तेवढा घ्यायचा. वाटेत घुसलेला ५० हर्ट्झचा अंश दोन्ही तारांवर सारखाच असल्याने वजाबाकीत नाहीसा होतो. आजही ध्वनिपातळी मोजताना ०.७७५ व्होल्ट हा विचित्र वाटणारा आकडा पायाभूत धरतात. ६०० ओहमच्या टेलिफोन वाहिनीत एक मिलिवॅट शक्ती पोहोचविणारे ते व्होल्टेज होते.

ही वजाबाकी किती काटेकोर होते, हे मात्र सर्किटमधील चार रेझिस्टरांच्या जुळणीवर ठरते. बाजारात सहज मिळणारे एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर वापरले आणि चौघांच्या चुका एकमेकींत भर घालणाऱ्या निघाल्या, तर घुसखोर संकेत पन्नासाव्या भागापर्यंतच घटतो. वायरीत १० मिलिव्होल्टचे हमिंग असेल तर त्यातले २०० मायक्रोव्होल्ट आत येतात, तंबोऱ्याच्या संकेताच्या पाचपट! ०.१ टक्क्याचे रेझिस्टर घेतले तर ते २० मायक्रोव्होल्टवर येते. तीन ऑप-ॲम्पची रचना किंवा चांगला ट्रान्सफॉर्मर वापरला तर एक-दोन मायक्रोव्होल्टपर्यंत खाली नेता येते. ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो, म्हणून स्वस्त मिक्सरमधून तो हद्दपार झाला. परंतु जिथे अर्थिंगचा भरवसा नाही, तिथे दोन उपकरणांत विद्युत संबंधच न ठेवता संकेत पलीकडे पोहोचविणारी त्याच्याइतकी निर्धास्त वस्तू नाही. गावच्या मंचावर हमिंग घालविण्यासाठी उपकरणाच्या वायरीतील अर्थिंगची पिन तोडण्याची जी सवय पडली आहे, ती प्राणघातक आहे. हाती माइक धरून बोलणाऱ्याला त्या एका पिनेचाच आधार असतो. हमिंग तोडायचे तर संकेताच्या वायरीत ट्रान्सफॉर्मर घालून तोडावे, अर्थिंगला हात लावू नये.

कंडेन्सर मायक्रोफोनला याच दोन तारांवरून ४८ व्होल्ट दिले जातात. हा आकडा गणितातून आलेला नाही. नॉर्वेच्या नभोवाणी केंद्रांत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा होताच, म्हणून १९६६ मध्ये न्यूमन कंपनीने आपला मायक्रोफोन त्यावर चालेल असा केला आणि तेच जगाचे प्रमाण झाले. यात्रेतल्या कर्ण्यांची रीत मात्र वेगळी. तेथे ॲम्प्लिफायरमध्येच व्होल्टेज १०० पर्यंत चढवून लांबवर बारीक वायर टाकतात आणि प्रत्येक कर्ण्यापाशी लहान ट्रान्सफॉर्मरने ते उतरवतात. वीज मंडळाच्या उच्चदाब वाहिनीचेच तत्त्व हे. १९४० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या अहुजा कंपनीच्या ॲम्प्लिफायरनी ही पद्धत महाराष्ट्रातल्या देवळा-देवळांत नेली. नाजूक संगीताला ती शोभत नाही. काकड आरती शिवारापर्यंत पोहोचवायला तिच्यासारखी दुसरी नाही.

वॅट, डेसिबल आणि मिरवणूक

दुसऱ्या टोकाला शक्तिविवर्धक, म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर असतो. परंपरागत रचनेत लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना खाच पडू नये म्हणून दोघांतून सदैव थोडा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. अडचण अशी की ट्रान्झिस्टर तापला की त्याच व्होल्टेजला अधिक प्रवाह घेतो, त्याने अधिक तापतो आणि शेवटी जळतो. म्हणून प्रवाह ठरविणारा लहान ट्रान्झिस्टर त्याच ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर कसून बसवतात. मोठे तापले की तोही तापतो आणि दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट या हिशेबाने लगाम खेचतो. दुरुस्तीत हा लहान भाग हीटसिंकवरून सुटा राहिला तर ॲम्प्लिफायर मिरवणुकीच्या मध्यावर जाणार हे ठरलेलेच. अलीकडच्या 'क्लास डी' यंत्रणांत ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात. उष्णता कमी, वजन कमी. एकाच ट्रॉलीवर पूर्वीच्या कितीतरी पट वॅट मावू लागले ते यामुळे.

वॅटचा हिशेब मात्र मंडळांच्या कल्पनेप्रमाणे चालत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो आणि तो कानाला जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटावा म्हणून साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. शेजारच्या मंडळाच्या दुप्पट आवाज करायचा तर दुप्पट वॅटचे भाडे देऊन भागत नाही. म्हणून मग ॲम्प्लिफायर त्याच्या छतापलीकडे रेटला जातो. लाटेचे माथे सपाट होतात, ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर १००० वॅटपर्यंत शक्ती ओततो आणि कापल्या गेलेल्या कडांतून निर्माण झालेले तीक्ष्ण स्वर उंच पट्टीचे लहान ध्वनिक्षेपक जाळून टाकतात. कानाला टोचतो तो आवाज बहुतेक वेळा या तुटलेल्या लाटेचा असतो.

एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल देणारा ध्वनिक्षेपक घेतला आणि त्याला १००० वॅट दिले तर तेथे १३० डेसिबल होतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणजे १० मीटरवर ११०. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून पुढे जाता कामा नये. निवासी भागात दिवसा ते ६५ ठरते. वरच्या एकाच ध्वनिक्षेपकाचा आवाज नुसता ७५ पर्यंत उतरायलाही मोकळ्या रानात साडेपाचशे मीटर जावे लागेल. साताऱ्याच्या जुन्या पेठांतील अरुंद रस्त्यांवर, दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये कोंडलेला आवाज तेवढ्याही झपाट्याने घटत नाही. भिंतीएवढी यंत्रणा लावून नियम पाळण्याच्या गप्पा या गणितात बसत नाहीत. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला निम्मा वेळ, असा श्रवणरक्षणाचा मान्य हिशेब आहे; १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनस्थळांसाठी हीच १०० डेसिबलची, १५ मिनिटांच्या सरासरीची कमाल पातळी सुचवली. ट्रॉलीपुढे नाचणारा तरुण तेथे तासन्तास असतो, आणि ॲम्प्लिफायरशेजारी बसलेला ऑपरेटर तर संपूर्ण हंगामभर.

ध्वनिक्षेपक आणि प्रकाशयोजना व्यावसायिकांच्या 'पाला' या संघटनेने २०१८ च्या गणेशोत्सवात बंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. अंतरिम दिलासा मिळाला नाही. व्यावसायिकांचा आक्षेप असा की उपकरण वाईट नसते, वापर वाईट असतो. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे, आणि वापराला बांध घालणारे उपकरणही याच घराण्यातले आहे. लिमिटर हे सर्किट संकेताची पातळी सतत मोजते आणि ठरलेल्या मर्यादेजवळ येताच वाढ आपोआप कमी करते. डेव्हिड ब्लॅकमर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी व्होल्टेजने नियंत्रित होणारा जो विवर्धक घडविला, त्यानंतर असे लिमिटर नेमके आणि स्वस्त झाले. लाट कापली जात नाही, म्हणून आवाज फाटत नाही आणि ध्वनिक्षेपकही वाचतात. मर्यादेची खूण कुलूपबंद करून ऑपरेटरच्या हाताबाहेर ठेवणे कठीण नाही. तमाशाच्या फडात किंवा नाट्यगृहात ही व्यवस्था संगीताच्या दर्जाला पोषकच ठरते.

मिरवणुकीच्या बाबतीत एक तांत्रिक पळवाट उरते, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. पोलिसांच्या हातातील ध्वनिमापक 'ए' भारांकाने मोजतो. कान मंद आवाजातील खालचे स्वर कमी ऐकतो, म्हणून मापकातील एक छोटे गाळणी-सर्किट ते स्वर घटवून आकडा दाखवते. ५० हर्ट्झला ही घट ३० डेसिबलची असते. बेसच्या पेट्यांतून ११० डेसिबलचा ५० हर्ट्झचा घुमार बाहेर पडत असेल तर मापकावर ८० दिसतात. या स्वराची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असल्याने घरे, भिंती आणि बंद दारे तिला अडवू शकत नाहीत. खिडक्यांची तावदाने वाजतात, छातीत ठोके बसतात ते तिनेच. त्याच मापकावरचे बटण 'सी' भारांकावर फिरवले तर तोच घुमार १०९ च्या आसपास दिसेल. दोन वाचनांतील फरक मोठा असेल तर बेस किती लोटला जात आहे हे मिनिटभरात कळते. नियमांतील सर्व मर्यादा मात्र 'ए' भारांकातच दिलेल्या आहेत, आणि कारवाईही त्याच आकड्यावर होते.